जुनी फियाट, शर्यतीचे भाग आणि पेणचं आरटीओ

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात कुणी आजोबांची फियाट शेडमधून बाहेर काढली आणि ठरवलं, की हिला नुसतं रंगवून लग्नाच्या वरातीपुरतं ठेवायचं नाही. शर्यतीच्या गाडीचं इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन आणि पाइपांचा पिंजरा बसवून हिला रस्त्यावर वापरायची. अशी गाडी बनेल का, हा या प्रश्नाचा सोपा अर्धा भाग आहे. बनेल. तिला लागणारे हात रोहा, नागोठणे, पेण, अलिबाग या टापूत आहेत; मिनीडोरसारखं वाहन ज्या मिस्त्रींनी इतकी वर्षं चालतं ठेवलं, त्यांना फियाटचं कौतुक सांगायला नको. अवघड अर्धा भाग पेणला सुरू होतो, जिथे एमएच-०६ क्रमांकाच्या गाड्यांची नोंद होते. तिथल्या निरीक्षकाने बॉनेट उघडलं आणि आरसी बुकातला इंजिन नंबर जुळला नाही, तर पुढे काय?

अमेरिकेत अशा गाड्या बांधणं हा मोठा छंद आहे आणि उद्योगही. साठ-सत्तरच्या दशकातली एखादी शेव्हर्ले किंवा फोर्ड घ्यायची, स्टॉक कार शर्यतीतले वापरून झालेले भाग तिच्यात बसवायचे आणि नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालवायची. आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं की दोनच सूर ऐकू येतात. कारागिराचं तोंड भरून कौतुक होतं, नाहीतर गाडी जप्त करण्याची भाषा होते. त्या दोहोंच्या मधे जी गोष्ट असायला हवी, म्हणजे जाणत्या माणसाने गाडीखाली शिरून केलेली तपासणी, तिला आपल्या व्यवस्थेत जागाच नाही. मला वाटतं, सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो.

स्टॉक कार शर्यतीची सुरुवातच एका तपासणीने झाली, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. बिल फ्रान्स यांनी १९४८ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथे नॅस्कार ही संस्था उभी केली. पुढच्या वर्षी, १९ जून १९४९ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट इथे मातीच्या धावपट्टीवर तिची नवी शर्यत झाली. अट एकच होती: गाडी शोरूममधून निघाली तशीच हवी. ग्लेन डनअवे १९४७ सालची फोर्ड घेऊन पहिला आला. शर्यतीनंतर गाडी तपासली तेव्हा मागचे पाटे बदललेले आढळले. चोरटी दारू वाहणारे लोक गाडी वजनाने खाली बसू नये आणि वळणावर पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून पाट्यांत असा फेरफार करत. डनअवे बाद झाला आणि पहिलं बक्षीस लिंकन चालवणाऱ्या जिम रोपरला मिळालं. त्या दिवशी त्यांच्याकडे नियम होता आणि नियमाइतकाच महत्त्वाचा, खाली वाकून पाटे पाहणारा माणूसही होता.

पुढच्या काही दशकांत या शर्यतींतल्या गाड्या शोरूमपासून पार दूर गेल्या. बाहेरून ओळखीचा आकार, आत पाइपांचा सांगाडा. हेडलाइटच्या जागी नुसतं चित्र चिकटवलेलं, दारं उघडत नाहीत, हॉर्न नाही, वळणदिवे नाहीत, हँडब्रेक नाही. मात्र आतले कितीतरी भाग रस्त्यावरच्या साध्या वाहनांतूनच आले. मागचं हाउसिंग फोर्डच्या १९५७ पासूनच्या नऊ इंची डिफरन्शिअलच्या घराण्यातलं. मागचा आस जागेवर धरणाऱ्या दोन लांब भुजा शेव्हर्लेच्या साठच्या दशकातल्या पिकअप ट्रकवरून घेतलेल्या. नॅस्कारच्या सर्वोच्च गटात त्या २०२१ पर्यंत टिकल्या. इंजिन ३५८ घनइंचांचं, म्हणजे पावणेसहा लिटरच्या थोडं वर, आणि २०११ पर्यंत चक्क कार्ब्युरेटरवर चालणारं. सगळं लोखंडी, जाडजूड, सुटं करता येण्यासारखं. संघ काही शर्यतींनंतर हे भाग काढून टाकतात, त्यामुळे नव्याच्या तुलनेत ते स्वस्तात मिळतात. जुन्या अमेरिकन गाड्यांची बांधणीही त्याच कुळातली, म्हणून ते चपखल बसतात. तिथल्या छंदाचं अर्थशास्त्र एवढ्यात आटोपतं.

आपल्याकडे नॅस्कारसारखा खेळ नाही, पण उत्पादनातल्या गाड्या शर्यतीला तयार करण्याची परंपरा आहे. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळ शोलावरमला एकेकाळी फियाट आणि हेराल्ड धावायच्या. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला, २००३ मध्ये कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आला. हा ट्रॅक ज्यांच्या नावाने आहे त्या एस. करिवर्धन यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मारुती ८०० चं इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती ही एका आसनाची शर्यतीची गाडी बांधली आणि मध्यमवर्गातल्या तरुणांना शर्यत परवडेल अशी केली. नंतरच्या एलजीबी फॉर्म्युला ४ मध्ये मारुती एस्टीमचं १,२९८ सीसीचं जी-१३-बीबी इंजिन आलं. फोक्सवॅगनने २०१० पासून पोलोच्या शर्यती घेतल्या. त्या गाडीचा कारखाना चाकणचा. कोल्हापुरातून तर गेल्या काही वर्षांत शर्यतपटूंची एक अख्खी पिढी उभी राहिली. ज्या गावात उद्यमनगरच्या फाउंड्र्या आणि म्हादबा मिस्त्रींसारख्यांच्या कारागिरीच्या आठवणी आहेत, तिथे हे घडावं याचं आश्चर्य वाटत नाही.

म्हणजे वरसे गावातल्या फियाटसाठी शर्यतीचे भाग म्हणायचे ते नॉर्थ कॅरोलिनातले नव्हेत. एस्टीमचं तयार केलेलं इंजिन, जिप्सीचा गिअरबॉक्स, एखाद्या जुन्या पोलोचे ब्रेक, कोइमतूरकडून आलेले शॉक अॅब्सॉर्बर, बादलीच्या आकाराची शर्यतीची सीट. बाकीचं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर.

आणि खाली पाया असतो फियाटचा. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात बनलेली ही गाडी १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आली आणि सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १,०८९ सीसीचं इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत झाली होती; वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती सेवेतून गेली. खासगी पद्मिन्या मात्र अजून आहेत. कोकणातल्या पडव्यांत, गोठ्यांत, ताडपत्रीखाली मी कितीतरी पाहिल्या आहेत. रोह्याकडचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस त्यांचे तळपत्रे आणि दाराखालचे सिल आधी खातो. वेगळी चासी नसलेल्या या गाडीत तेच पत्रे भार पेलतात. सडक्या सिलवर शर्यतीचं सस्पेन्शन टांगणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशावर नवा झोपाळा बांधणं.

शर्यतीतला भाग म्हणजे अधिक मजबूत, अधिक सुरक्षित भाग, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. ब्रेकचंच बघा. व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलच्या साडेआठशे मीटरच्या छोट्या धावपट्टीवर स्टॉक कारच्या ब्रेकडिस्क तापून लालबुंद होतात. तिथले पॅड त्या उष्णतेतच नीट पकडतात. थंड असताना त्यांची पकड साध्या पॅडपेक्षा कमी भरते. रोह्याच्या बाजारपेठेत ताशी वीसच्या वेगाने जाताना समोर शाळकरी पोर सायकल घेऊन आलं, तर लागतात ते थंडीत पकडणारे पॅड. म्हणून डिस्क आणि कॅलिपर शर्यतीचे घेतले तरी पॅड रस्त्याचेच हवेत. पुढे डिस्क आणि मागे जुने ड्रम अशी जोडी केली तर मास्टर सिलिंडरचा व्यास आणि पुढच्या-मागच्या दाबाचं प्रमाण पुन्हा जुळवावं लागतं. नाहीतर मागची चाकं आधी लॉक होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरते. हे प्रमाण कागदावर मोजता येतं, मोकळ्या जागेत तपासता येतं. ते मोजायचं काम नव्या कॅलिपरइतकं देखणं नसतं आणि त्याचा फोटोही निघत नाही, म्हणूनच ते राहून जातं.

सस्पेन्शनचं दुखणं वेगळं. लंबवर्तुळी ट्रॅकवर गाडी फक्त डावीकडे वळते, म्हणून स्टॉक कारचं डावं-उजवं सारखं नसतं. स्प्रिंगा निराळ्या, चाकांचे कोन निराळे. ती जुळणी तशीच रस्त्यावर आणली तर गाडी सरळ धावायलाच तयार होत नाही. शिवाय आमचा रस्ता कोणता? पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि दशक उलटलं तरी रेंगाळलं. वडखळ ते कोलाड ज्यांनी पावसाळ्यात गाडी चालवली आहे, त्यांना चाकाला वर-खाली जायला किती जागा लागते ते सांगायला नको. शर्यतीचं सस्पेन्शन ही जागा कमी करतं, कारण ट्रॅकला खड्डा नसतो. मुंबई-गोवा महामार्गावर अशा गाडीच्या बॉलजॉइंटची आणि वेल्डिंगच्या सांध्यांची परीक्षा दर मिनिटाला होते.

पिंजऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे सगळ्यात आधी बसवला जातो तोच. आंतरराष्ट्रीय ऑटोमोबाइल महासंघाच्या नियमांप्रमाणे मुख्य कमानीसाठी सांधा नसलेला, थंड ओढलेला पोलादी पाइप लागतो. त्याचा व्यास ४५ मिलिमीटर आणि जाडी अडीच, किंवा व्यास ५० आणि जाडी २. ताणबळ किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. कमानीचा पाय जिथे पत्र्याला टेकतो तिथे किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी हवी, म्हणजे आघात झाला तर पाय पत्रा फोडून खाली जाणार नाही. बाजारात पटकन मिळतो तो ईआरडब्ल्यू, म्हणजे शिवण असलेला, फर्निचर आणि रेलिंगचा पाइप. रंग दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आणि पाइप उत्तम असला तरी रस्त्यावरचा चालक हेल्मेट घालत नाही. शर्यतीत जो पाइप डोकं वाचवतो, तोच रस्त्यावरच्या साध्या धडकेत कपाळावर बसतो. मला विचाराल तर रोज वापरायच्या गाडीत पुढच्या सीटभोवती पूर्ण पिंजरा नकोच. मागच्या सीटच्या जागी अर्धी कमान, तीही गादी लावून, एवढं पुरे.

या खेळातल्या जवळजवळ प्रत्येक सुरक्षा-भागामागे कुणाचा तरी अपघात आहे. १९६४ मध्ये शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्स भाजला आणि पुढे दगावला, त्यानंतर न फुटणारी रबरी इंधनटाकी आली. १९७० मध्ये डार्लिंग्टनला रिचर्ड पेटी उलटला आणि त्याचं अंग खिडकीबाहेर लोंबकळलं, तेव्हा खिडकीची जाळी आली. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनात डेल अर्नहार्ट गेला, कवटीच्या तळाला झालेल्या इजेमुळे, आणि त्याच वर्षी हेल्मेट खांद्यावरच्या पट्ट्यांशी बांधून ठेवणारं साधन सक्तीचं झालं. या शेवटच्या घटनेत फियाट बांधणाऱ्यांनी धडा घ्यावा असं काही आहे. सहा पट्ट्यांचा शर्यतीचा बेल्ट धड घट्ट आवळतो, पण मान मोकळीच राहते. मान धरणारं साधन नसताना तो बेल्ट रस्त्यावर लावणं साध्या तीन टोकांच्या बेल्टपेक्षा धोक्याचं ठरू शकतं. एका भागामागची पूर्ण साखळी घेतली नाही आणि तेवढी एकच कडी उचलली, तर ती उलटू शकते.

इंजिनाचं म्हणाल तर शर्यतीचा कॅमशाफ्ट आत घेणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे ठेवतो. वरच्या फेऱ्यांवर त्याने ताकद मिळते; उभ्या गाडीत मात्र न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरमधून बाहेर पडतं. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत १,५०० पर्यंत चालतं. भारत स्टेज-२ आणि स्टेज-३ च्या गाड्यांना ती मर्यादा अर्धा टक्का आणि ७५० आहे. आता १९७५ च्या फियाटमध्ये २००३ चं एस्टीम इंजिन असेल तर कोणती मर्यादा लावायची? उत्तर नव्या इंजिनाची, असं असायला हवं. कारखान्यातलं एस्टीम इंजिन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट बसवलं तर जुन्या फियाटचा धूर आधीपेक्षा पुष्कळ स्वच्छ होईल. पंपावर आता ई-२० मिळतं आणि इथेनॉलने जुन्या कार्ब्युरेटरचे रबरी सील, डायफ्राम फुगतात, चिरतात. तोही विचार नव्या इंजिनाच्याच बाजूने जातो. पण हे उत्तर देण्याचा अधिकार कुणाकडे आहे?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. मान्यताप्राप्त सीएनजी किट, ठरलेल्या मानकांत बसणारं इलेक्ट्रिक रूपांतराचं किट, अपंग व्यक्तींसाठी केलेली वाहनातली सोय, असे अपवाद आहेत आणि केलेला बदल चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचा असतो. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या पीठाने केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि राज्यांच्या नियमांनी या कलमाला बगल देता येणार नाही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं: मालकाने बेकायदा फेरफार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रंग बदलून आरसीवर नोंदवता येतो. इंजिन त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं असेल तर परवानगीने बदलता येतं. एस्टीमचं इंजिन फियाटच्या आरसीवर चढवण्याचा मार्ग नाही.

मग जुन्या गाड्यांसाठीची २०२१ ची नियमावली? जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पन्नास वर्षांवरील दुचाकी-चारचाकींना विंटेज दर्जा दिला. क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. मुंबईच्या विंटेज अँड क्लासिक कार क्लबसारख्या संस्थांना याचा आनंद झाला आणि तो योग्यच होता. रॅलीत मिरवणाऱ्या त्या गाड्यांचं जतन हे मोलाचं काम आहे. पण या दर्जाची अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. आणि ती रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच बाहेर काढायची. म्हणजे १९७५ ची फियाट चारही ड्रम ब्रेकांसह विंटेज ठरेल आणि पुढे चांगले डिस्क ब्रेक लावले तर ठरणार नाही.

विंटेज नसलेल्या जुन्या गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क मोटारीला ५,००० झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,०००. वर पर्यावरण कर. शुल्काबद्दल माझी तक्रार नाही. एवढे पैसे घेऊन निरीक्षक पाहतो काय, तर चासी नंबर, दिवे, हॉर्न, धूर. तळपत्रा सडला आहे का, वेल्डिंग कुणी केलं, ब्रेकचं प्रमाण काय, हे पाहायला त्याच्याकडे वेळ नाही, साधन नाही आणि कायद्यात तसा रकानाही नाही. बदल नोंदवता येत नाही म्हणून लोक तो लपवतात. तपासणीच्या आदल्या दिवशी जुना सायलेन्सर परत लावतात, नंतर काढतात. लपवलेल्या बदलामुळे विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि त्यात धडकेतल्या दुसऱ्या माणसाचे हाल होतात, ज्याचा या छंदाशी काही संबंध नसतो.

पूर्वी असं नव्हतं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची ‘मीरा’ आज फार थोड्यांना आठवते. शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या या माणसाने १९४९ मध्ये स्वतःच्या कल्पनेने छोटी मोटार बांधली. तिच्या पुढच्या अवताराला १९५१ मध्ये नंबरही मिळाला, एमएचके १९०६. सस्पेन्शनला पोलादी स्प्रिंगांऐवजी रबर वापरलं, इंजिनंही स्वतः घडवली, आणि सत्तरच्या दशकापर्यंत ते एकामागून एक सुधारित गाड्या करत राहिले. स्वस्तातली भारतीय मोटार काढायचं त्यांचं स्वप्न परवान्यांच्या वाटेवर थांबलं. पण एका माणसाने बांधलेली एक गाडी कायदेशीरपणे महाराष्ट्राच्या रस्त्यांवरून फिरली, ही वस्तुस्थिती आहे. तेव्हाचा नोंदणी अधिकारी गाडी समोर बघून निर्णय घेऊ शकला.

याच्या सत्तर वर्षांनंतरची गोष्ट सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याची, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाची. २०२१ च्या अखेरीस तिथल्या एका कारागिराने दुचाकीचे सुटे भाग आणि भंगार जोडून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास. चित्रफीत देशभर पसरली. आनंद महिंद्रांनी ती नियमांत बसत नाही हे सांगतानाच तिचं कौतुक केलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये त्या कुटुंबाला बोलेरो मिळाली. हा मनाचा मोठेपणा होता आणि त्या घराला मिळालेला आनंदही खरा होता. तरीही मला त्यातली एक गोष्ट लागून राहिली. गाडीची जागा रस्त्यावर नसून प्रदर्शनात आहे, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. तिचे ब्रेक कसे आहेत, तिला ताशी तीसच्या मर्यादेत गावातल्या गावात चालू देता येईल का, हे कुणी विचारलं नाही, कारण विचारणारी यंत्रणाच नव्हती.

इतर देशांनी ही यंत्रणा वेगवेगळ्या मार्गांनी उभी केली. ब्रिटनमध्ये स्वतः बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र मान्यता-तपासणी होते. जुन्या गाडीचा मूळ क्रमांक टिकवायला तिथे अनेक वर्षं गुणांची पद्धत होती: मूळ चासी किंवा बॉडीला पाच गुण, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी दोन, इंजिनाला फक्त एक. आठ गुण राहिले तर क्रमांक टिकला. आपल्या फियाटला ही पट्टी लावून पाहू. बॉडी, स्टिअरिंग आणि दोन्ही आस मूळचे ठेवून इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन बदललं तर नऊ गुण होतात. गाडी फियाटच राहते. आस बदलले की सात. मग ती नवी गाडी म्हणून तपासा. इंजिनाला सगळ्यात कमी आणि सांगाड्याला सगळ्यात जास्त वजन देणारा हा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे उलट आहे. इंजिन नंबर जुळला की सारं आलबेल, मग खाली सिल सडलेलं असलं तरी.

न्यूझीलंडची पद्धत रायगडसाठी अधिक जवळची. तिथे मोटारछंदींच्या संघटनांनी सरकारशी बोलून बांधणीची मानकं लिहिली आणि प्रमाणित अभियंते नेमले. अभियंता गाडी तपासतो आणि केलेल्या बदलांची नोंद असलेली धातूची पट्टी गाडीवर ठोकतो. पोलिसाने गाडी थांबवली तर तो ती पट्टी वाचतो. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम निराळे. कॅलिफोर्नियात खास बांधलेल्या मोटारींना धुराच्या नियमांत सवलत मिळते, पण वर्षाला पाचशेच गाड्यांना.

आपल्याकडे चाचणीच्या संस्थांची वाण नाही. पुण्यात एआरएआय १९६६ पासून आहे, सीआयआरटी आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे. पण त्यांची व्यवस्था हजारोंनी बनणाऱ्या गाड्यांचा एक नमुना तपासण्यासाठी उभी आहे. नमुन्याला टक्कर देऊन पाहता येतं. एकुलत्या एका गाडीला टक्कर दिली तर गाडीच उरत नाही. दिलीप छाब्रियांनी २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली ‘अवंती’ रेनोचं इंजिन घेऊन आली तरी उत्पादकाची नवी गाडी म्हणून आली. तेवढं भांडवल गॅरेजवाल्याकडे असत नाही. एका गाडीसाठी हवी असते एका दिवसाची तपासणी: सांगाडा, वेल्डिंग, ब्रेक, स्टिअरिंग, इंधनाच्या नळ्या, दिवे, धूर.

आणि या तपासणीतली सगळ्यात कठीण वाटणारी गोष्ट, म्हणजे वेल्डिंग, ती तर वरसे गावाच्या शेजारी रोजच्या व्यवहारात आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. आम्ल, द्रावकं, दाबाखालची वाफ वाहणाऱ्या तिथल्या पाइपांचे सांधे आर्गनने भरले जातात. वेल्डरची आधी परीक्षा होते, सांध्यावर बारीक भेगा दाखवणारी डीपी टेस्ट होते, गरजेप्रमाणे एक्स-रे निघतो, आणि सांधा नापास झाला तर कापून पुन्हा करायचा. या शिस्तीत वाढलेले वेल्डर आणि फिटर रोहा तालुक्यात घरोघरी आहेत. रिअॅक्टरच्या सांध्याला जी कसोटी लावतो, ती त्याच माणसाने संध्याकाळी गॅरेजमध्ये वेल्ड केलेल्या सस्पेन्शनच्या कंसाला का लावू नये? रंगाचा डबा, डेव्हलपर आणि अर्धा तास, एवढंच डीपी टेस्टला लागतं. माणगाव तालुक्यात लोणेरेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तिथे यंत्र अभियांत्रिकीचा विभाग आहे. बाहा आणि सुप्रा या स्पर्धांत देशभरातले विद्यार्थी पाइपांच्या सांगाड्याच्या गाड्या बांधतात, तेव्हा स्पर्धेआधी त्यांची तांत्रिक तपासणी होते आणि ब्रेकची परीक्षा पास न झालेली गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत. म्हणजे तपासणीचा तक्ता आणि तपासणारी माणसं दोन्ही आहेत. फक्त त्यांच्या सहीला पेणच्या कार्यालयात किंमत नाही.

ती किंमत केंद्रालाच द्यावी लागेल. कलम ५२ मध्ये ‘एकल बांधणीचं वाहन’ असा एक वर्ग आणून. सुरुवात छोटी असावी. राज्यात वर्षाला ठरावीकच गाड्या, मूळ बॉडी कायम, इंजिन भारत स्टेज-४ किंवा त्यापुढचं, अश्वशक्तीला वजनाच्या प्रमाणात मर्यादा, व्यावसायिक वापर नाही, तृतीय पक्षाचा विमा वाढीव. प्रमाणपत्रावर अभियंत्याचं आणि वेल्डरचं नाव, म्हणजे जबाबदारी पुसट राहणार नाही. दंड मात्र आहे तसाच राहू दे, न तपासता गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला.

तोवर वरसे गावातल्या फियाटवाल्याला कायद्यात राहून करता येण्यासारखं काम थोडं नाही. तळपत्रे आणि सिल कापून नवे आर्गनने भरून घेणं, मूळ इंजिन पुन्हा बोअर करून बसवणं, ब्रेकच्या सगळ्या नळ्या आणि सिलिंडर बदलणं, इथेनॉल सोसणारे होज आणि सील टाकणं, पुढे तीन टोकांचे बेल्ट लावणं. सांध्यांची डीपी टेस्ट करून तिचे फोटो आणि तारखा एका वहीत ठेवणं. शर्यतीचं इंजिन हवंच असेल तर दुसरी, नोंदणी रद्द केलेली बॉडी घेऊन ती ट्रॅकसाठी बांधावी आणि ट्रेलरवर कोइमतूरला न्यावी. आणि कायदा बदलण्याची मागणी करायची वेळ येईल तेव्हा ती वही पेणच्या निरीक्षकापुढे ठेवावी.